१२ जानेवारी १९२५ : बावला खून खटला आणि न्यायमूर्ती क्रंप

मुंबईत मलबार हिलवर या दिवशी व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा मोटारीत गोळ्या घालून खून झाला. त्यांच्यासोबत असलेल्या, इंदूर दरबारातून निसटलेल्या मुमताज बेगमचा चेहरा चिरला गेला. वाटेने येणाऱ्या गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांपैकी एकाने गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना झोडपले. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्रंप यांनी तिघांना फाशी सुनावली. शिक्षा प्याद्यांनाच झाली, हा आक्षेप खरा. पण इंदूरच्या संस्थानिकाला आरोपीच्या पिंजऱ्यात आणणे न्यायाधीशाच्या हाती नव्हते. हल्ल्याचे मूळ इंदुरात शोधणे मुळीच गैर नाही, हे मात्र त्यांनी भर न्यायालयात सांगितले. त्यांच्या कारकिर्दीत फाशीहून याच शब्दांचे मोल मोठे. पुढे चौकशी की गादीत्याग, असा पेच सरकारने इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्यापुढे टाकला आणि फेब्रुवारी १९२६मध्ये त्यांनी गादी सोडली.