वेग, वेळ व अंतर : स्पर्धा परीक्षांतील शाब्दिक उदाहरणे

स्पर्धा परीक्षांच्या अंकगणितात ‘काळ-काम-वेग’ या जोडनावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणाचा एक भाग. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ, या एकाच संबंधावर ही सारी उदाहरणे उभी असतात. तरीही मार्गदर्शक पुस्तकांत आगगाडी, नाव, शर्यत, चोर-पोलीस असे कप्पे पाडून प्रत्येकाला निराळे सूत्र दिलेले आढळते. सोंगे निराळी असली तरी आतले गणित प्रमाणाचेच आहे. अंतर कायम असेल तर वेग आणि वेळ व्यस्त प्रमाणात बदलतात. वेळ कायम असेल तर अंतर वेगाच्या समप्रमाणात बदलते. म्हणून उदाहरण हाती घेताच आधी शोधायचे ते कायम काय राहते आहे हे. ‘नेहमीच्या ३/४ वेगाने चालल्यास १० मिनिटे उशीर होतो, तर नेहमीचा वेळ किती?’ येथे अंतर तेच आहे, म्हणून वेळ ४/३ पट झाला. वाढलेला तिसरा हिस्सा म्हणजे १० मिनिटे, आणि उत्तर ३० मिनिटे. अंतर किती, वेग किती, हे विचारावेही लागत नाही. ही दृष्टी जुनी आहे. ‘आर्यभटीया’त (इ. स. ४९९) दोन ग्रहांच्या भेटीचा काळ काढताना ते विरुद्ध दिशांनी जात असतील तर मधल्या अंतराला गतींच्या बेरजेने, एकाच दिशेने जात असतील तर वजाबाकीने भागण्यास सांगितले आहे, आजचे चोर-पोलीस त्याच वाटेने धावतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (११५०) त्रैराशिकाजवळच व्यस्त त्रैराशिक आले आहे.

यावर आक्षेप असा की परीक्षेत मिनिटभरात उत्तर द्यायचे असते. तिथे पाठ सूत्र विचारापेक्षा लवकर धावते. एका बाबतीत तो खरा आहे. ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करण्यासाठी ५/१८ ने गुणणे पाठच असावे, कारण ते केवळ एककांचे रूपांतर आहे: ताशी ५४ किमी म्हणजे सेकंदाला १५ मीटर. १५० मीटरची गाडी त्या वेगाने ३०० मीटरचा फलाट ३० सेकंदांत ओलांडते. स्वतःची लांबी मोजायची मात्र विसरता कामा नये. पण सरासरी वेगाचे पाठांतर नेमके घात करते. जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किमी असेल तर सरासरी ५० नव्हे, ४८ येते, कारण कमी वेगाने अधिक वेळ प्रवास होतो. १२० किमीच्या वाटेला ३ आणि २ असे ५ तास, एकूण २४० किमी. प्रश्नकर्त्याने ‘निम्मे अंतर’ऐवजी ‘निम्मा वेळ’ एवढाच शब्द बदलला की ५० हेच बरोबर ठरते. पाठ सूत्रवाला मात्र ४८ वरच खूण करून मोकळा होतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रमाण सगळीकडे पुरत नाही. ‘वेग ताशी ५ किमीने वाढवला तर १०० किमीला १ तास कमी लागतो’ यात गुणोत्तर दिलेलेच नाही आणि रीतसर मांडले तर वर्गसमीकरण येते. अशा वेळी पर्यायांकडून उलटे यावे. २० धरला तर ५ तास, २५ ला ४ तास, जुळले. वर्गात ही पळवाट म्हणतील, पण पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत ताळा हीच रीत आहे.