बॉम्ब कुठवर आला?

'टच ऑफ ईव्हिल'च्या (१९५८) आरंभी कुणाचे तरी हात टाइमबॉम्बची वेळ लावतात. बॉम्ब मोटारीच्या डिकीत जातो. रसेल मेटीचा क्रेनवरचा कॅमेरा तीन मिनिटांहून अधिक काळ, एकही कट न घेता, सरहद्दीवरच्या गावातून फिरतो. मोटार दिसते, हरवते, पुन्हा दिसते. युनिव्हर्सलने या दृश्यावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचे संगीत चढवले. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने ५८ पानी टिपण लिहिले. त्याला हवे होते गुत्त्यांतून, रेडिओंतून येणारे तुटक सूर. ते त्याच्या हयातीत झाले नाही. १९९८मध्ये वॉल्टर मर्चने टिपणाबरहुकूम फेरसंकलन केले. मॅन्सिनीची धून झकासच आहे. पण ती काढल्यावर मोटार नजरेआड असतानाही तिचा रेडिओ ऐकू येतो, आणि बॉम्ब किती जवळ आला ते कानांना आधी कळते.