एका गांठींतील दोन कुळें

मानेच्या पुढील भागांत श्वासनलिकेला बिलगून बसलेल्या थायरॉइड ग्रंथींत दोन जातींच्या पेशी एकत्र नांदतात. बारीक पुटिकांच्या भिंती रचणारी जात बहुसंख्य. आयोडीन शोषून घेण्याचें काम तिचें. दुसरी जात पुटिकांच्या कडेला तुरळक विखुरलेली. नोनिडेझ यांनीं १९३२ सालीं कुत्र्याच्या ग्रंथीवरून तिला ‘पुटिकेलगतची’ असें नांव दिलें. पुढें ती कॅल्सिटोनिन स्रवते असें कळल्यावर १९६६ सालीं पिअर्स यांनीं तिला ‘सी पेशी’ म्हटलें.

क्लीव्हलंड येथील हॅझर्ड, हॉक व क्राइल यांनीं १९५९ सालीं मेड्युलरी कर्करोग वेगळा ओळखला, आणि त्याचा उगम सी पेशींत आहे असें विल्यम्स यांनीं १९६६ सालीं मांडलें. जितक्या जाती तितके रोग, असा हिशेब चोख बसला. पण फार क्वचित् एकाच गांठींत दोन्ही जातींच्या खुणा सांपडूं लागल्या. मग तिचा मूळपुरुष कोण?

ही निव्वळ वंशावळीची हौस नव्हे. किरणोत्सर्गी आयोडीन पुटिकांच्या पेशी आपण होऊन ओढून घेतात व त्यानेंच मरतात. सी पेशी त्याला शिवतही नाहींत. गांठीचें एक कूळ नजरेआड झालें, तर उपचार अर्ध्याच रोगाला पोंचतो.

फ्रान्समध्यें निकोल ल द्वारें या विदुषींनीं लाव्याच्या गर्भाचा अंश कोंबडीच्या गर्भांत कलम केला. लाव्याच्या पेशींचें केंद्रक सूक्ष्मदर्शकाखालीं निराळें ओळखूं येतें. या युक्तीनें पक्ष्यांतील कॅल्सिटोनिन स्रवणाऱ्या पेशी मज्जासंस्थेच्या भ्रूणावस्थेंतील कडेपासून निघून येतात, असें १९७० च्या सुमारास दिसलें. प्रयोग अप्रतिम; पण तो पक्ष्यांवरचा! पाठ्यपुस्तकांनीं तो मनुष्यालाही लागू केला, आणि घाई झाली ती तेथें. दोन्ही जाती इतक्या दूरच्या ठरल्यावर समाईक पूर्वज कोण मानणार? १९९९ सालीं ट्युरिन येथील संशोधकांना कित्येक गांठींतील पुटिकांचा भाग एकाच पेशीपासून वाढलेला दिसला नाहीं. वाढत्या मेड्युलरी कर्करोगानें वाटेंतल्या निरुपद्रवी पुटिका ओलीस धरल्या असाव्या, असें त्यांनीं सुचविलें.

२०१५ सालीं स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनीं उंदरांच्या गर्भांत सी पेशींचा माग काढला, तेव्हां त्या अन्ननलिकेचें अस्तर घडविणाऱ्या थरांतूनच आलेल्या आढळल्या. पुटिकांच्या पेशींचा थरही तोच. समाईक पूर्वजाची शक्यता त्यामुळें पुन्हा उघडली. मात्र ओलीस धरण्याची उपपत्ति तेवढ्यानें खोटी पडत नाहीं. तिचा पुरावा गर्भांतला नसून प्रत्यक्ष गांठींतला आहे. अशी गांठ शस्त्रक्रियेनें काढल्यावर कॅल्सिटोनिन व थायरोग्लोब्युलिन या दोन्ही खुणा निरनिराळ्या तपासतात.