‘इनॉक्युलेट’ : बागेतून दवाखान्यात आलेला शब्द



गेल्या महिन्यात एक तरुण आपल्या आजींना घेऊन दवाखान्यात आला. तो एमबीबीएससाठी रशियाला निघाला होता. तिथल्या विद्यापीठाच्या फॉर्मवर आजवर घेतलेल्या लसींची नोंद करून हवी होती. त्या रकान्यावर रशियन शब्द होता ‘प्रिविव्का’. मुलाने नुकतीच ती भाषा शिकायला सुरुवात केली होती. तो म्हणाला, “सर, शब्दकोशात याचा एक अर्थ झाडाचं कलम असा दिलाय. हे कसं?” मी उत्तर देण्याआधीच आजी म्हणाल्या, “कलम म्हणा नाहीतर टोचणं म्हणा, शेवटी रोगच अंगात घालायचा ना?”

दोन्ही प्रश्न चांगले आहेत, आणि दोघांचीही उत्तरे एकाच इतिहासात सापडतात.

डोळा भरणे

लस देणे किंवा टोचणे यासाठी इंग्रजीत एक जुने क्रियापद आहे, ‘इनॉक्युलेट’. ते लॅटिनमधून आले. ‘इन’ म्हणजे आत आणि ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा. हा डोळा माणसाचा नव्हे, झाडाचा. पंधराव्या शतकात इंग्रजीत या शब्दाचा अर्थ एवढाच होता की एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवायचा. आपल्याकडे गुलाबाची किंवा मोसंबीची कलमे करणारा माळी यालाच ‘डोळा भरणे’ म्हणतो. म्हणजे हा शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही.

हा शब्द वैद्यकात आला तो देवीच्या रोगामुळे. देवी झालेल्या शंभर माणसांपैकी वीस ते तीस दगावत. जे वाचत, त्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहत, काहींची दृष्टी जाई. मात्र एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला सहसा त्या पुन्हा येत नसत. म्हणून भारत, तुर्कस्तान अशा अनेक ठिकाणी लोक सौम्य देवी आलेल्या रुग्णाच्या फोडातला द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत मुद्दाम घालत. कातडीला छोटी चीर, तिच्यात थोडा द्रव. माळ्याच्या कामासारखेच हे काम. १७१७ साली तुर्कस्तानातून लिहिलेल्या पत्रात लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी त्याला कलम करणे असेच म्हटले. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते आणि त्यांचा भाऊ देवीने गेला होता. पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या मुलाला तिथेच हे टोचून घेतले, आणि १७२१ मध्ये लंडनमध्ये मुलीलाही.

महाराणीचा दंड

आता रशियन शब्दाकडे येऊ. तिथले क्रियापद आहे ‘प्रिवित’. त्यातल्या ‘वित’चा अर्थ वळणे किंवा गुंफणे, आणि ‘प्रि’ म्हणजे जवळ, जोडून. झाडाला फांदी जोडणे हा त्याचा जुना अर्थ. टोचण्याची पद्धत आली तेव्हा रशियन भाषेनेही माळ्याचाच शब्द निवडला. मुलाला वाचनाची आवड लावायची असली तरी रशियन माणूस हेच क्रियापद वापरतो. आपण ‘अंगी बाणवणे’ म्हणतो, तसे.

रशियात ही पद्धत रुजली ती १७६८ साली. महाराणी कॅथरीन दुसरी हिने इंग्लंडहून टॉमस डिम्सडेल या डॉक्टरांना बोलावले आणि आधी स्वतःला टोचून घेतले, मग राजपुत्र पॉलला. तिला काही झाले असते तर डॉक्टरांचे काय झाले असते, ते सांगायला नको. ज्या लहान मुलाच्या फोडातून द्रव घेतला, त्या अलेक्झांडर मार्कोवला उमरावपद आणि ‘ओस्पेन्नी’ हे आडनाव मिळाले. रशियनमध्ये ‘ओस्पा’ म्हणजे देवी.

आजींचे म्हणणे कुठे बरोबर, कुठे नाही

या काळापुरते आजींचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. तेव्हा खरोखरच देवीचा रोग अंगात घातला जात होता. बहुतेकांना तो सौम्य येई, तरी शंभरातले दोन-तीन दगावत. शिवाय टोचलेल्या माणसाकडून इतरांना देवी होऊ शके. लोक घाबरत होते, आणि त्यांची भीती वेडेपणाची नव्हती.

चित्र पालटले ते १७९६ मध्ये. एडवर्ड जेनर यांनी माणसाच्या देवीऐवजी गाईंना होणाऱ्या, देवीसारख्याच पण सौम्य आजाराचा द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. पुढे त्याला देवीचा द्रव टोचूनही देवी आली नाही. लॅटिनमध्ये गाय म्हणजे ‘वाक्का’, त्यावरून ‘व्हॅक्सिन’ हा शब्द झाला. १८०१ मध्ये मॉस्कोत ही लस प्रथम घेणाऱ्या मुलाचे आडनावच ‘वाक्त्सिनोव’ ठेवले गेले. पुढच्याच वर्षी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला भारतातली पहिली लस दिली गेली.

आजच्या लसींत काय असते? काहींत जंतूचा एखादा तुकडा, काहींत मेलेले जंतू, काहींत निष्प्रभ केलेले विष. धनुर्वाताची लस या शेवटच्या प्रकारातली. गोवर किंवा बीसीजीसारख्या काही लसींत जिवंत पण दुबळे केलेले जंतू असतात. म्हणूनच गरोदर असाल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील किंवा आधीच्या लसीने त्रास झाला असेल, तर टोचण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा.

कलमाची उपमा एका ठिकाणी मात्र तुटते. भरलेला डोळा झाडावर राहतो, वाढतो. लस शरीरात तशी राहत नाही. शरीर तिला ओळखते, संपवते आणि तिची आठवण ठेवते. पुढे खरा जंतू आला की ही आठवण कामी येते. काही लसींची आठवण पुसट होते, म्हणून बूस्टर डोस लागतो. ताप किंवा दंड दुखणे एक-दोन दिवस असेल, तर बहुतेक वेळा ते शरीर कामाला लागल्याचे लक्षण असते.

मी आजींना दंड दाखवायला सांगितले. लहानपणी काढलेल्या देवीचा गोल वण अजून होता. नातवाच्या दंडावर तसा वण नाही, कारण त्याच्या जन्माआधीच ती लस बंद झाली. १९५८ मध्ये सोव्हिएत डॉक्टर व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी जगातून देवी हटवण्याचा प्रस्ताव मांडला, आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

नातवाला त्या दिवशी धनुर्वाताचा बूस्टर दिला. आजींनी स्वतःसाठी न्यूमोनियाच्या लसीबद्दल विचारले आणि “विचार करून सांगते” म्हणाल्या. तेही ठीक आहे. तुमच्याही मनात अशी शंका असेल तर ती मनात ठेवून घरी जाऊ नका. विचारा.