फुलपाड्यावरचा बर्फ आणि हवामान रडार

विरार पूर्वेच्या फुलपाड्यात बर्फ पडत नाही. मात्र पावसाळ्यात त्याच गावावर, सुमारे पाच किलोमीटर उंचीपासून वर, ढगांत हिमकण असतात. खाली येताना ते वितळतात आणि तिथल्या पापडखिंड धरणावर पाऊस होऊन कोसळतात. कोकणात हा बर्फ टिपण्याचे साधन म्हणजे हवामान रडार.

दुसऱ्या महायुद्धात विमाने शोधणाऱ्या रडारच्या पडद्यावर पावसाचे ठिपके उमटत. तेव्हा ती अडचण वाटे. युद्धानंतर त्यातूनच नवे शास्त्र उभे राहिले. १९४८ साली कॅनडातील मार्शल आणि पामर यांनी थेंबांच्या आकारमानाचे सूत्र मांडले. त्यामुळे थेंबांवरून परतणाऱ्या रडारच्या लहरींवरून पावसाचा जोर काढता येऊ लागला. बर्फासाठी गन आणि मार्शल यांनी १९५८ मध्ये वेगळे सूत्र दिले. बर्फ पाण्यापेक्षा लहरी बराच कमी परतवतो, शिवाय हिमकणांचा आकार आणि घनताही सारखी नसते. वितळू लागलेल्या कणावर पाण्याचा पापुद्रा चढला की तो रडारला मोठ्या थेंबासारखा भासतो. म्हणून वितळण्याच्या थरात ठळक पट्टा दिसतो आणि तिथला पाऊस प्रत्यक्षापेक्षा जास्त मोजला जातो.

भारतात १९५४ मध्ये कोलकात्याजवळ डमडम येथे वादळशोधक रडार बसले. २००२ मध्ये चेन्नईला पहिले डॉप्लर रडार, म्हणजे थेंबांचा वेगही मोजणारे रडार, आले. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, तर कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर नोंद झाली. या दोन पर्जन्यमापकांमधल्या भागात काय घडले ते दाखवणारे डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नव्हते. पुढे ते कुलाब्याला बसले. १४ जानेवारी २०२२ रोजी मुंबईतलेच वेरावलीचे दुसरे रडार राष्ट्रार्पण झाले.

कुलाबा ते विरार अंतर सुमारे साठ किलोमीटर. अर्धा अंश वर रोखलेली लहर फुलपाड्यावरून पाऊण किलोमीटर उंचीने जाते आणि पाऊसच पाहते. चार-साडेचार अंशांची लहर वितळणाऱ्या बर्फातून जाते. त्यामुळे जमिनीवरचा पाऊस काढताना खालच्या कोनांना महत्त्व दिले जाते आणि अंदाज पर्जन्यमापकांशी पडताळला जातो. आडव्या व उभ्या कंपनांच्या अशा दोन्ही लहरी सोडणाऱ्या रडारांना पडताना चपटा होणारा थेंब आणि हिमकण यांतला फरकही ओळखता येतो.