पोर ठेव आणि जा

घरातला कर्ता मुलगा गेला की दिवस-कार्य उरकताच चार माणसं बसतात आणि विषय निघतो सुनेचा. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) गारखेड्यात संसार शहरात आणि शेती गावाकडे अशी घरं पुष्कळ. तिथे सासू-सासरे म्हणतात, 'दुसरं घर कर, आमची ना नाही. पण आमच्या लेकाची निशाणी इथंच राहील.' आपण याला रूढी म्हणतो. प्रत्यक्षात ही अट एकेकाळी कायद्यातच लिहिलेली होती.

१८५६च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाह वैध ठरवला, पण त्याची किंमतही ठरवून दिली. कलम २ने मृत पतीच्या मिळकतीवरचा विधवेचा हक्क संपवला. मुंबईत विधवा जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न करण्याआधी मिळकत लेकीच्या नावे केली. ही लेक म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाई. कलम ३ त्याहून कठोर होतं. पतीने मृत्युपत्रात पालक नेमला नसेल, तर त्याचे आईवडील, आजी-आजोबा किंवा कोणीही पुरुष नातेवाईक मुलांसाठी वेगळा पालक मागू शकत. मुलांना पोटापुरती मिळकत नसेल, तर मात्र आईची संमती लागे किंवा पालकाला खर्चाची हमी द्यावी लागे. म्हणजे जमीनजुमला असलेल्या पोराच्या बाबतीत आईला विचारण्याचंही कारण नव्हतं. मायेचा आणि मिळकतीचा गुंता तेव्हापासून कागदावर आहे.

१८९०च्या पालक व पाल्य कायद्याने अज्ञान मुलाचं हित पाहायला सांगितलं. समजत्या मुलाची इच्छाही विचारात घ्यायला सांगितली. निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादला तो लागू व्हायला १९५१ साल उजाडलं. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने वडिलांमागे आईला नैसर्गिक पालक मानलं. धर्म सोडला किंवा संन्यास घेतला तर ते पालकत्व जातं. पुनर्विवाहाचा त्या यादीत उल्लेखही नाही. १८५६चा कायदा १९८३मध्ये रद्द झाला. पण वडील हयात आणि लायक असताना दुसरा पालक नेमायचा नाही, हे वडिलांना असलेलं संरक्षण आईलाही स्पष्ट शब्दांत मिळालं ते थेट २०१०मध्ये.

गावाकडे आजही भांडणाची खरी जागा सातबारा. बाप गेल्यावर फेरफार होतो आणि पोराच्या नावापुढे 'अ.पा.क.' लागतं: अज्ञान पालनकर्ता. त्यापुढे आईचं नाव की आजोबांचं, यावरून नाती तुटतात. खरं तर १९५६च्या कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालकालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय अज्ञानाची जमीन विकता येत नाही, आणि एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्यासाठी वेगळा पालक नेमला जात नाही. जमिनीची राखण कायदा करतोच. तिच्यासाठी लेकरू अडकवून ठेवण्याची गरज नाही.

आई गेली तर वाद आजोळचा असतो. २००८मध्ये एका प्रकरणात बापावर पत्नीच्या मृत्यूचा गुन्हा दाखल होता. सर्वोच्च न्यायालयाने मुलाचं म्हणणं ऐकलं आणि त्याला आजोळी ठेवलं. २०१९मध्ये पुण्याच्या प्रकरणात आई कर्करोगाने गेलेली, बाप आजारी पडलेला, म्हणून चिमुरडी मावशीकडे वाढत होती. तिथे ताबा वडिलांना मिळाला. दोन निकाल, दोन दिशा, पण कसोटी एकच: पोराचं भलं कुठे?

या कसोटीत आजी-आजोबांना जागा आहे. लेक गमावलेल्या म्हाताऱ्यांना नातवाचा लळा असतो, आणि बाप गमावलेल्या पोरालाही आजीची कूस हवी असते. सुट्टीत राहणं, सणावाराला येणं, रोजचा फोन हे सगळं कोर्टाबाहेर, पहिल्याच बैठकीत ठरू शकतं. फक्त त्या बैठकीत पहिला प्रश्न 'तू पुन्हा लग्न करणार का?' हा नसावा. लेकरू कुणाच्या कुशीत निजतं, शाळेत त्याला कोण सोडतं, आजारपणात ते कुणाला हाक मारतं, एवढं आधी विचारावं. कायद्याला इथवर यायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. घरांनी आणखी वेळ घेऊ नये.