दोन पंचांगे, दोन प्रकारचे फरक

जिंतूरला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे 15 मिनिटे आधी उगवतो. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर 12 अंशांनी वाढले की एक तिथी संपते. तो क्षण मात्र सगळीकडे एकच. सूर्योदयाला चालू असेल ती त्या दिवसाची तिथी, असा सर्वसाधारण नियम. दशमी नेमकी या 15 मिनिटांत संपली, तर मुंबईत एकादशी आणि जिंतुरात दशमी! यात चूक कोणाचीच नाही.

पण एकाच गावासाठी दोन पंचांगे वेगवेगळे सांगू लागली तर?

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने 1520 च्या सुमारास 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला. त्याने त्रिकोणमितीची ज्या-कोष्टके टाळली आणि अकरा-अकरा वर्षांची चक्रे पाडून मोठमोठ्या आकड्यांचे गुणाकार वाचवले. साहजिकच पंचांगकर्त्यांनी हा ग्रंथ डोक्यावर घेतला. गणेश स्वतः आकाश पाहणारा होता. पुढच्या पिढ्यांनी त्याचे गणित तेवढे पाठ केले, आकाश पाहणे सोडले. बारीक चूक दरवर्षी साठत गेली.

तमिळ भागातही हेच घडले. तिथल्या 'वाक्य' पंचांगात चंद्राची स्थाने 248 छोट्या वाक्यांत गुंफलेली असतात. अक्षरांचे आकडे करायचे, की गणित तयार. 1825 साली पाँडिचेरीत एका तमिळ ज्योतिषाने जमिनीवर कवड्या मांडून, पाठ कोष्टकांवरून, चंद्रग्रहण वर्तवलेले जॉन वॉरनने नोंदवले आहे. सुरुवात 4 मिनिटांनी चुकली, मध्य 23 आणि शेवट 52 मिनिटांनी. कागदाशिवाय केलेल्या हिशेबाला मी तरी हसणार नाही. पण शनीच्या बाबतीत चूक फार मोठी होते. आधुनिक गणिताच्या 'तिरुकणित' पंचांगाने शनीचा कुंभप्रवेश 17 जानेवारी 2023 ला दिला. तिरुनल्लारच्या शनिमंदिरात वाक्य पंचांगाप्रमाणे तो सोहळा 20 डिसेंबर 2023 ला झाला. अकरा महिन्यांचा फरक!

महाराष्ट्रात ही चूक काढायला घेतली केरो लक्ष्मण छत्रे यांनी. युरोपीय कोष्टकांच्या आधारे त्यांनी 1860 मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली आणि 1865 पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने 'पटवर्धनी पंचांग' निघू लागले. लोकांनी ते सहजी स्वीकारले नाही. कारण छत्र्यांनी दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. एक, ग्रहांची गती. ती आकाशाशी ताडून पाहता येते, तिथे वादाला जागा नाही. दुसरी, राशिचक्राचा आरंभबिंदू. तो त्यांनी रेवतीच्या ताऱ्यापाशी धरला. प्रचलित बिंदूपेक्षा हा सुमारे 4 अंश वेगळा. वर्तुळ कुठून मोजायचे हे दुर्बिणीतून दिसत नाही, ते ठरवावे लागते. तीच परंपरा चालवणाऱ्या टिळक पंचांगात म्हणूनच मकरसंक्रांत 14 ऐवजी 10 जानेवारीच्या आसपास येते. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक मास. त्यामुळे कधीकधी अधिक मासही वेगळा पडतो आणि गणपती महिनाभर पुढेमागे होतात.

हा भेद वर्गात दाखवता येईल. टिळक आणि दाते ही दोन्ही पंचांगे शेजारी ठेवून एका आठवड्याच्या वेळा फळ्यावर लिहा. तिथी संपण्याच्या वेळा जवळजवळ जुळतील, नक्षत्रांच्या मात्र सुमारे सात तासांनी चुकतील. तिथी म्हणजे चंद्र वजा सूर्य. आरंभबिंदू दोघांतूनही सारखाच वजा होतो आणि निघून जातो. नक्षत्राला एकटा चंद्र पुरतो, तिथे ते 4 अंश शिल्लक राहतात. चंद्र दिवसाला सुमारे 13 अंश चालतो. सात तास कसे आले, हे मुलांनाच काढू द्या.